फोन काढून घेतला की प्रश्न सुटेल?

"मॅडम, तिचा फोन काढूनच घेऊ का?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या खेळाडूंचे आईवडील मला हा प्रश्न नेहमी विचारतात. या वेळी विचारणाऱ्या आईची सतरा वर्षांची मुलगी गोव्यात दोनापावल्याला विंडसर्फिंग करते, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) इन्स्टाग्रामवर तिचे चाळीस हजार फॉलोअर्स. मात्र मागच्या दोन शर्यतींत ती मनगट दुखतंय म्हणून उतरलीच नव्हती, आणि डॉक्टरांना मनगटात काही सापडलं नव्हतं.

मुलीशी बोलताना मी फोनचं नावही काढलं नाही, सरावाबद्दल विचारलं. ती लगेच खुलली. तिचा प्रकार आयक्यूफॉइल, विंडसर्फिंगचाच, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलेला. वेग मिळाला की बोर्ड पाण्यातून वर उचलला जातो, पाण्यात राहतं ते खालचं फॉइल, म्हणजे बोर्डाखाली बसवलेलं पंखासारखं पातं. व्हिडिओत हे उडणं फार देखणं दिसतं. पण सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात मोठं शीड हातांनी सारखं ओढून बोर्ड उचलावा लागतो. याला पंपिंग म्हणतात. छाती फुटायची वेळ येते, चेहरा वेडावाकडा होतो.

"ते कोण बघणार?" असं म्हणून ती गप्प झाली. सहा महिने ती फक्त दुपारचा वारा सुटल्यावर पाण्यात जात होती. आईला याचा पत्ता नव्हता.

पुढच्या भेटीला मी तिला शेवटच्या चाळीस कमेंट वहीत उतरवून आणायला सांगितल्या. बहुतेक सगळ्या तिचे खांदे, रापलेला रंग आणि कपड्यांवर होत्या. खेळाबद्दल एकच होती: 'वळताना शीड उशिरा पलटतेस.' "हे खरंय," ती म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

मनगटाचं कोडं तिनेच उलगडलं. पॅरिस ऑलिंपिकच्या मार्सेलला झालेल्या शर्यतींत ब्रिटनची एमा विल्सन मालिकेत सगळ्यांच्या पुढे होती, पण अंतिम शर्यतीत मागे पडली आणि कांस्यपदकावर थांबली. "तिचं असं होतं, तर माझं काय? मी हरले तर चाळीस हजार लोक बघतील."

हरण्याची भीती प्रत्येक खेळाडूला असते. हिला ती प्रेक्षकांसमोर एकटीने सोसावी लागत होती. अशा वेळी फोन हिसकावला असता, तर आई तिच्यासाठी आणखी एक परीक्षक झाली असती. शिवाय साहित्य महाग, आणि शिडाचा खर्च देणारा दुकानदार तिला याच अकाउंटवरून मिळाला होता. अकाउंट बंद करणं मला पटत नव्हतं.

आम्ही तिघींनी मिळून ठरवलं. शर्यतीच्या आठवड्यात अकाउंट मोठी बहीण सांभाळेल. शरीरावरच्या कमेंट तीच पुसेल. सकाळचा सराव कॅमेऱ्याशिवाय होईल. आईनेही एक गोष्ट कबूल केली: घरी आल्याबरोबर "कितवी आलीस?" विचारायचं नाही, आधी जेवायला वाढायचं.

तिसऱ्या महिन्यात ती शर्यतीत उतरली आणि अकरावी आली. चार दिवसांनी तिने स्वतःहून एक व्हिडिओ टाकला: पडलेला वारा, पंपिंग, धापा आणि तोच वेडावाकडा चेहरा.