‘सुटलीस’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

पत्र : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. वय ३६, मुलगी सात वर्षांची. सात महिने पाळी नाही. दोनदा रक्त तपासलं. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, आधी ६२, महिन्याने ५८, दोन्ही वेळा फार जास्त. अंडाशयाचं काम अकाली थांबतंय, असं डॉक्टर म्हणाल्या. सासूबाई म्हणतात, ‘सुटलीस एकदाची.’ नवरा म्हणतो, ‘एक लेक आहे ना, बस झालं.’ आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो. कपाटात पॅडचं अर्धं पाकीट पडलंय, ते टाकवत नाही. रात्री घामाने उशी भिजते, दिवसा लेकीवर ओरडते. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं काहीही चुकत नाही. आणि ते पाकीट राहू द्या. औषधं सुरू झाली की कदाचित लागेलही, ते पुढे सांगते.

आधी एक फोड करून घ्या. तुमच्या रडण्यात दोन गोष्टी मिसळल्यात. इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं हार्मोन एकदम घटलं की गरम वाफा येतात, झोप तुटते आणि तुटलेल्या झोपेची चिडचिड लेकीवर निघते. हा शरीराचा भाग. दुसरं मूल मनात धरलं होतं, ते हातातून निसटतंय, हे दुःख. पहिल्याला औषध आहे. दुसऱ्याला वेळ आणि ऐकणारं माणूस लागतं. नुसत्या नैराश्याच्या गोळ्या देऊन हार्मोनकडे काणाडोळा होतो, किंवा हार्मोन देऊन ‘आता रडू नको’ म्हटलं जातं. दोन्हींत बाई अर्धीच बरी होते.

पंधरा दिवस वहीत रोज एक ओळ लिहा : किती वाजता झोपलात, कितीदा जाग आली, वाफा किती, रडू कधी आलं. वाफेच्या रात्रीनंतरच चिडचिड होते का, ते तुम्हालाच दिसेल. वही डॉक्टरांना दाखवा.

चाळिशीच्या आत हे झालं की, दुसरी अडचण नसेल तर, पाळी नैसर्गिकपणे जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन द्यावेत असा वैद्यकीय सल्ला असतो. शरीरात असायला हवं तेच भरून काढायचं असतं. शेजारणीकडून ऐकलेली कॅन्सरची भीती मुख्यतः पन्नाशीनंतरच्या उपचाराबद्दलची आहे. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. रक्ताच्या गाठींचा त्रास किंवा मायग्रेन असेल तर आधी सांगा. मग गोळीऐवजी त्वचेवरचा पॅच किंवा जेल बघता येतं. गर्भाशय आहे, म्हणून इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर आतलं अस्तर नको तेवढं वाढतं. ते महिन्यातून १२ ते १४ दिवस दिलं तर दर महिन्याला रक्तस्राव होतो. त्याला ‘पाळी परत आली’ समजू नका. ही आशा फार जखम करते. सुरुवातीला स्तन दुखतात, मळमळतं आणि पुष्कळजणी तिसऱ्या आठवड्यात औषध सोडतात. तीन महिने तरी थांबा. त्रास जास्त झाला तर मात्रा बदलून मागा.

डॉक्टरांना आणखी विचारा : थायरॉइड, गुणसूत्रं आणि फ्रॅजाइल-एक्सची (घराण्यात चालणाऱ्या एका जनुकीय दोषाची) तपासणी, हाडं किती मजबूत आहेत हे बघायला डेक्सा स्कॅन. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. पेलाभर दुधातून साधारण २४० मिळतं, नाचणीच्या एका भाकरीतून दीडशेच्या वर. गोदापार्कला रोज अर्धा तास झपझप चाला.

मुलाबद्दल खरं सांगते. अंडाशय अधूनमधून जागं होतं आणि शंभरात पाच-एक जणींना आपोआप दिवस जातात. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण त्यावर डोळे लावून बसण्याइतकं उघडंही नाही. ‘पाळी परत आणतो’ म्हणणाऱ्या काढ्यांवर पैसे घालवू नका. दात्याच्या स्त्रीबीजाचा मार्ग २०२१च्या सहायक प्रजनन कायद्यानं बाईच्या वयाच्या ५० वर्षांपर्यंत खुला आहे. आजच ठरवायला हवं असं नाही.

नवऱ्याला पुढच्या तपासणीला सोबत न्या. ‘बस झालं’ म्हणणारा माणूस बऱ्याचदा स्वतःचंच दुःख झाकत असतो. त्याला एवढंच सांगा : ‘मला उपाय सुचवू नकोस, आज रात्री दहा मिनिटं नुसतं ऐक.’ दोन आठवडे सलग उदास वाटलं किंवा जीव नकोसा झाला, तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात.

सासूबाईंच्या काळी पाळी म्हणजे चार दिवस बाजूला बसणं. त्यांना खरंच सुटका वाटली असेल. रागावू नका. शांतपणे म्हणा, ‘आई, तुमची पाळी वयानं गेली, माझी आजारानं.’