ऑक्टोबरमध्ये रुआहा नदी आटलेली असते, तरी टांझानियाला जावं का? खर्च किती येईल?

"नदीत पाणी नाही, पैसे वाया जातील" असं तुमचा एजंट म्हणाला, म्हणून लिहायला बसलो. आमच्या साडूंनी हेच ऐकवलं होतं. जा. ऑक्टोबरमध्येच जा.

रुआहा नॅशनल पार्क सुमारे वीस हजार चौरस किलोमीटरचं. पावसात गवत वाढलं, जागोजागी पाणी साचलं की जनावरं पांगतात. दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून घ्या, हाती काही लागत नाही. आटल्यावर सगळी नदीपात्रातच येतात.

म्वागुसी ही रुआहाला मिळणारी वाळूची नदी. आम्ही काठावर थांबलो, तर समोर एक हत्तीण पुढच्या पायाने वाळू उकरत होती. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीत झिरे काढतात, अगदी तसं. खड्डा खोल झाला तशी सोंड आत घालून वाळू काढायची, पाझर जमेपर्यंत थांबायचं, मग प्यायचं. पिल्लाला सोंडेने काही जमेना, ते गुडघ्यांवर बसून तोंडच खड्ड्यात घालायला लागलं. ती हलल्याबरोबर बबून आले, ते उठेपर्यंत इंपाला हरणं ताटकळत उभी. आणि पलीकडच्या बाओबाबच्या झाडाखाली सिंहिणी. पाण्यासाठी कोण येतंय ते बघत निवांत पडलेल्या. अशा वेळी साडूंनी ड्रायव्हरला विचारलं, "पण नदी कुठाय?"

परतल्यावर प्रत्येक लग्नकार्यात सांगत सुटले, की आम्ही वाळू बघून आलो. त्यांना मारा नदीच हवी होती, विल्डबीस्टचे कळप ती ओलांडतात ते बघायला. छान असतं, पण एकेका घाटावर गाड्यांची केवढी रांग असते ते फोटोत येत नाही.

एक मात्र खरं. म्वागुसी मुळातच वाळूची, पण ग्रेट रुआहा, म्हणजे मुख्य रुआहा नदी, पूर्वी बारमाही होती. वरच्या उसांगूच्या पट्ट्यात भातशेतीसाठी पाणी वळवल्यामुळे 1993 पासून ती दर कोरड्या हंगामात पार्कात तुटते. उरलेल्या डबक्यांत पाणघोडे एकमेकांवर चढून चिखलात पडलेले असतात. ते बघवत नाही.

खर्च तुम्ही कसे जाता त्यावर. दार-ए-सलामहून छोट्या विमानाने गेलात तर खिसा बराच हलका होतो. इरिंगा शहरावरून गाडीने स्वस्त, पण धूळ खायची तयारी ठेवा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. निळे-काळे कपडे नेऊ नका, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्याच रंगांवर धावतात. साडूंना हे निघण्याआधी सांगितलं होतं. त्यांनी निळी जीन्सच घातली.