'पाम्ह' नव्हे, 'पाव'. पण मुळात 'प' आलाच कुठून?

प्रश्न असा आहे : 'कादंबरीसाठी गेलिक वळणाच्या स्पेलिंगची एक भाषा रचतोय. राजवंशासाठी "पी-ए-एम-एच" हा शब्द केलाय. उच्चार "पाम्ह" ना?'

नाही हो! हे 'म्ह' आणि 'भ' ऐकून कान किटले. गेलिकमधला, म्हणजे आयरिश आणि स्कॉटलंडच्या गेलिक भाषांतला, 'एच' आपला महाप्राण नव्हे. जुन्या छपाईत अक्षराच्या डोक्यावर टिंब असे, त्याच्या जागी हा 'एच' आला. अर्थ एवढाच, की व्यंजन मऊ झालंय. 'एमएच' आणि 'बीएच' दोन्ही 'व'. आयरिशमध्ये आई 'माहिर', माझी आई मात्र 'मो वाहिर'. काही बोलींत हा 'व' ओठ गोल करून उच्चारतात, पण आपला 'व' दोन्हीकडे चालतो. तेव्हा तुमचा राजवंश 'पाव'. वाचक हसले तर इलाज नाही.

पण खरी गंमत तुमच्या 'प'मध्ये आहे. गेलिक ज्या कुळातली, त्या केल्टिक भाषांनी मूळचा 'प' फार पूर्वीच टाकून दिला. आपला पिता आयरिशमध्ये 'अहिर'. लॅटिनमध्ये तळहात 'पाल्मा', आयरिशमध्ये हात 'लाव'. ओगम या आयरिशच्या जुन्या लिपीच्या मूळ 20 खुणांत 'प' नाहीच. मग ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द आले, तेव्हा जीभ अडली आणि 'प'चा 'क' झाला. ईस्टरचा 'पास्का' झाला 'काश्क', आणि 'प्लान्टा', म्हणजे रोप, झालं 'क्लान': मुलंबाळं, संतती. इंग्रजीतला 'क्लॅन' तो हाच! रोपातून कूळ, हे आपल्याला नवं नाही. 'वंश' म्हणजे तरी मुळात काय? बांबू. एक कांडं, त्यावर दुसरं कांडं. मला तर वाटतं, माणसाला आपली पोरं उगवताना दिसली की त्याला हेच सुचतं, मग भाषा कुठलीही असो.

आयर्लंडचा संत पॅट्रिक, त्याचं 'कोथ्रिगे' हे नावही 'पॅट्रिशियस'चंच जुनं रूप, असं मी मानतो. ते एका जमातीचं नाव आहे म्हणून काही अभ्यासक ते बाद करतात. करोत बापडे. 'प'चा 'क' समोर ढळढळीत दिसत असताना जमात शोधत फिरायची हौस मला नाही.

तर तुमचा 'प'. गेलिक वळणाच्या भाषेत तो दिसला, की शब्द बाहेरून आणि उशिरा आलेला. राजवंश परका, जिंकून आलेला दाखवायचा असेल तर खुशाल ठेवा. इथल्याच मातीतला असेल तर 'प' गाळा. उरेल 'आव'.