कार्ड हिरवं, तरी वजन जास्त

प्रश्न : नातू तीन वर्षांचा झाला. जन्मला तेव्हा सव्वादोन किलोचाच होता, म्हणून खाऊपिऊ घालण्यात आम्ही कसर ठेवली नाही. अजून बाटलीनं साखरेचं दूध पितो, जेवताना मोबाईल लागतो. आता वजन 17 किलो, उंची 94 सेंमी. अंगणवाडीच्या कार्डावर हिरव्या पट्ट्यात आहे. पण सून म्हणते, पोट्टा लठ्ठ होऊन राहिला. खरं कोणाचं?
— एक आजी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आजी, सुनेचं खरं आहे. हिरवा पट्टा फक्त वयाच्या मानानं वजन सांगतो. तीन वर्षांच्या मुलाचं वजन सरासरी 14.3 किलो, 17 किलोही त्या पट्ट्यात बसतं. पण नातवाची उंची सरासरीपेक्षा थोडी कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या तक्त्यात उंचीशी वजन ताडलं, की तो ‘जास्त वजना’त जातो. अंगणवाडीताईंना तोच तक्ता उघडायला सांगा.

जन्मतः कमी वजनाच्या मुलांबाबत मी जास्तच सावध असते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय, की आपली बाळं हडकुळी दिसली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. पुढं वजन भराभर वाढलं तर मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो.

पहिल्या वर्षात वजन तिपटीवर जातं, दोन वर्षांनंतर मात्र वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. साहजिकच भूक कमी होते. घरच्यांना वाटतं, पोरगं जेवतच नाही. मग मोबाईल येतो. दवाखान्याच्या बाकावर मी हे नेहमी पाहते : डोळे पडद्यावर, घास ओठाला लागला की तोंड उघडतं, पोट भरल्याचं त्याला कळतच नाही. आधी हे थांबवा. चार दिवस रडेल, रडू द्या.

उपाशी मात्र ठेवू नका. वजन उतरवायचं नाही, उंची वाढेपर्यंत आहे तिथं थोपवायचं आहे. बाटली बंद, दूध दिवसाला दोन कप, पेल्यानं, बिनसाखरेचं. किराण्यातले पाच रुपयांचे पुडे घरात आणूच नका. तुमच्या चुलीवरची ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भाजी, ताकातल्या कण्या त्याला पुरेशा आहेत. ताट वाढा, त्याच्या हातानं खाऊ द्या. उरलं तर उरलं. मधल्या वेळी बिया काढून संत्र्याच्या फोडी द्या. अख्खे फुटाणे-शेंगदाणे नकोत, या वयात घशात अडकतात.

तीन महिन्यांनी उंची-वजन दोन्ही मोजा. उंची थांबून वजनच वाढत असेल किंवा झोपेत घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.