वाचकांचे प्रश्न : रास्पबेरी पायला वीज पुरत नाही, तेव्हा

प्रश्न : आमच्या शाळेत जुन्या टीव्हीला रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक जोडून आम्ही मुलांना धडे दाखवतो. बोर्डाला कीबोर्ड, माउस आणि धडे साठवलेली हार्ड डिस्क जोडलेली आहे. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह वारंवार उमटते आणि डिस्कमधील चित्रफीत उघडली की बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शेतीपंप चालू झाले की गावात विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो, म्हणून स्टॅबिलायझरही बसवला. पण फरक पडला नाही. वीज देण्यासाठी मोबाइलचा ३३ वॉटचा जलद चार्जर वापरतो. बोर्डाला त्याच्या निम्मीही वीज लागत नाही, असे ऐकतो. मग कमी पडते ते काय?
— एक शिक्षक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : स्टॅबिलायझरवर झालेला खर्च या कामापुरता टाळता आला असता, कारण दोष भिंतीतल्या विजेचा दिसत नाही. आपल्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असेल. पंप चालू झाल्यावर दाब १७० व्होल्टपर्यंत उतरला, तरी असा चार्जर आतमध्ये ५ व्होल्ट तयार करतच राहतो. त्या वेळी शाळेतला पंखा मंदावतो, बल्ब पिवळा पडतो, म्हणून संशय साहजिकच डीपीवर जातो. बोर्डाची अडचण मात्र चार्जरच्या पुढे सुरू होते.

आधी ३३ वॉटचे पाहू. हा आकडा बहुधा वाढीव दाबाचा असतो, उदाहरणार्थ ११ व्होल्टला ३ अँपिअर. फोन आणि चार्जर यांच्यात तशी बोलणी झाल्याखेरीज चार्जर दाब वाढवत नाही आणि रास्पबेरी पाय ४ ला ती बोलणी येत नाही. त्यामुळे चार्जर ५ व्होल्टवरच थांबतो. तेव्हा छापलेल्या मजकुरातली फक्त ५ व्होल्टची ओळ वाचावी. तिथे ‘२ अँपिअर’ असेल, तर आपल्या हाती १० वॉट आहेत. पाय ४ साठी उत्पादकाने ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे. तो ०.१ व्होल्ट चुकून छापलेला नाही. वाटेत होणारी घट भरून काढण्यासाठी तो मुद्दाम ठेवलेला आहे.

ही घट केबलमध्ये होते आणि माझ्या मते आपल्याकडचे निम्मे दुखणे तिथेच आहे. स्वस्त केबलमधली तार अनेकदा अमेरिकन मापाच्या २८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा, तितकी तार बारीक). या गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम भरतो. प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परततो, म्हणून एक मीटरच्या केबलचा रोध ०.४२ ओहम धरावा लागतो. त्यातून २ अँपिअर गेले की ०.८४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि ५.१ व्होल्टचे बोर्डापाशी ४.२६ उरतात. दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोर्ड ते पिवळे चिन्ह दाखवतो, आपला वेग कमी करतो आणि त्यावरचा लाल दिवाही विझतो. तीच केबल २४ गेजची असती, तर घट ०.३४ व्होल्टवर थांबली असती आणि काम चालून गेले असते. नववीच्या वर्गाला ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण आपल्याला फळ्यावर सोडवून दाखवता येईल.

अंदाजावर न राहता दाब मोजून पाहावा. बोर्डावरील ४० पिनांपैकी कडेच्या रांगेतली ४ क्रमांकाची पिन ५ व्होल्टची आणि ६ क्रमांकाची ऋण आहे (त्या रांगेत फक्त सम क्रमांक येतात, म्हणून मोजताना त्या दुसरी आणि तिसरी ठरतात). या पिना इतक्या जवळ आहेत की मल्टिमीटरची सुई किंचित घसरली तरी दोन्ही एकमेकींना चिकटतील, आणि ५ व्होल्टची पिन शेजारच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला लागली, तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे बोर्ड बंद असताना दोन्ही पिनांना टोपण असलेल्या जंपर तारा बसवाव्यात, त्यांची दुसरी टोके मल्टिमीटरला जोडावीत आणि मगच बोर्ड सुरू करावा. नुसता बोर्ड सुरू असताना एक आकडा मिळेल. डिस्क फिरू लागली की तो कितीने खाली येतो, ते पाहावे. मल्टिमीटर नसेल, तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘vcgencmd get_throttled’ ही आज्ञा द्यावी. उत्तर ‘०एक्स०’ आले तर सारे ठीक आहे. ‘०एक्स५००००’ आले तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी दाब उतरला होता आणि वेगही घटला होता. शेवटी शून्याऐवजी ५ दिसला, तर तो या घडीलाही उतरलेला आहे.

राहिली हार्ड डिस्क. फिरत्या तबकडीची छोटी डिस्क सुरू होताना सुमारे १ अँपिअर ओढते, आणि पाय ४ च्या चारही यूएसबी खाचांना मिळून १.२ अँपिअरचीच मर्यादा आहे. कीबोर्ड आणि माउस जोडल्यावर फारसे काही शिल्लक राहत नाही. डिस्कसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा किंवा धडे पेनड्राइव्हवर हलवावेत. शाळेसाठी मी दुसरा मार्ग सुचवीन, कारण त्यात बिघडण्याजोगे कमी आहे. अडॅप्टर नवा घेणार असाल, तर केबल त्यालाच जोडून आलेला घ्यावा, म्हणजे केबल बदलून जाण्याची भीती राहत नाही.

लोडशेडिंगचा त्रास मात्र खराच आहे आणि तो वेगळा आहे. बोर्डाच्या मेमरी कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर कार्डावरील मजकूर बिघडतो. शाळेत इन्व्हर्टर असल्यास तो यूपीएस मोडवर ठेवावा, कारण त्या मोडमध्ये बॅटरीवर जाण्यास लागणारा वेळ कमी असतो. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बोर्डाला थेट कधीही जोडू नये.

प्रश्न : मोसंबीच्या बागेत जमिनीतला ओलावा मोजण्यासाठी रास्पबेरी पायचाच छोटा बोर्ड, पाय झिरो २ डब्ल्यू, बसवला आहे. पंपाच्या खोलीत सौर पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आहे. तिथून बारा मीटर तारेने बोर्डाला वीज दिली आहे. घरी टेबलावर सर्व चालते, बागेत अधूनमधून बंद पडते. दाब कमी असल्याची सूचना मात्र एकदाही दिसली नाही.
— एक शेतकरी, घनसावंगी तालुका, जि. जालना

उत्तर : सूचना दिसणारच नाही, कारण दाब उतरल्याचे ओळखणारा भाग झिरो मालिकेच्या बोर्डांवर नाही. टेबलावर आपण आखूड तार वापरली असेल. बारा मीटरची २४ गेजची तार जाऊन-येऊन चोवीस मीटर होते आणि तिचा रोध सुमारे २ ओहम भरतो. वाय-फाय चालू असताना बोर्डाने क्षणभर अर्धा अँपिअर ओढला, तरी १ व्होल्ट गळून पडतो. कन्व्हर्टर बोर्डाशेजारी डबीत हलवावा आणि लांब तारेतून १२ व्होल्टच न्यावेत. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्म्याहून कमी लागेल, आणि १२ चे साडेअकरा झाले तरी कन्व्हर्टरला त्याने काही होत नाही. कन्व्हर्टरवरचा पितळी स्क्रू फिरवून, मल्टिमीटरवर ५.१ व्होल्ट दिसल्यावरच बोर्ड जोडावा. नव्या कन्व्हर्टरचा दाब दुकानातून येतो तेव्हा कितीही असू शकतो. बॅटरीच्या धन टोकापाशी फ्यूजही बसवावा.

प्रश्न : पाय ४ चा ३ अँपिअरचा अडॅप्टर पाय ५ ला चालेल का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालेल, बोर्ड सुरू होताना तशी सूचना देईल आणि यूएसबीला मिळणारा प्रवाह एकूण ६०० मिलिअँपिअरवर रोखून धरील. कीबोर्ड आणि माउससाठी तेवढा पुरतो. यूएसबीवर हार्ड डिस्क लावायची असेल, तर ५.१ व्होल्ट आणि ५ अँपिअरचा २७ वॉटचा अडॅप्टर घ्यावा.