वाचकांचे प्रश्न : कांद्याच्या भावाचे मॉडेल कोठे चुकले?

प्रश्न : मी अर्थशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि सुट्टीत एका विद्यापीठाचा डेटा सायन्सचा सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम पूर्ण केला. वर्गातील बहुतेक मुले अभियांत्रिकीची होती. पहिले दोन आठवडे पायथन या संगणकीय भाषेशी झगडण्यातच गेल्यामुळे मी सतत मागे पडत होते. आमच्या घरी कांद्याची शेती असल्याने शेवटच्या प्रकल्पासाठी मी लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे भाव हा विषय घेतला. दहा वर्षांची रोजची आवक, किमान दर आणि कमाल दर यांवरून सर्वसाधारण दराचा अंदाज करणारे मॉडेल तयार केले आणि त्याची अचूकता ९८ टक्के आली. सादरीकरणाच्या वेळी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले, "सकाळी लिलाव सुरू होण्यापूर्वी आजचा किमान दर तुमच्या मॉडेलला कोण सांगणार?" मला उत्तर देता आले नाही. नंतर केवळ आदल्या दिवसापर्यंतची माहिती वापरून मॉडेल पुन्हा केले, तेव्हा सरासरी चूक क्विंटलमागे १६० रुपये आली. आणि 'उद्याचा भाव आजच्याइतकाच राहील' असे नुसते धरून चालले तरी ती १५५ रुपयेच येते. मग या सहा आठवड्यांत मी शिकले तरी काय? हा प्रकल्प पुढच्या अर्जात लिहावा की वगळावा?
– एक विद्यार्थिनी, निफाड तालुका

उत्तर : त्या प्राध्यापकांनी विचारलेला प्रश्न हा तुमच्या अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा धडा होता, असे मला मनापासून वाटते. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी अधिकांश माल ज्या भावाने विकला गेला तो दर. तो किमान आणि कमाल यांच्या मध्येच कोठेतरी असणार आणि हे तिन्ही आकडे लिलाव आटोपल्यावर एकदमच नोंदले जातात. त्यांपैकी दोन हाती देऊन तिसरा ओळखायला सांगितल्यावर मॉडेलने तो जवळजवळ बिनचूक ओळखला, यात नवल नाही. या चुकीला डेटा लीकेज म्हणतात. अंदाज करण्याच्या क्षणी जी माहिती अस्तित्वातच नसते ती मॉडेलला शिकवण्यासाठी दिलेल्या तक्त्यात शिरते आणि निकाल देखणा दिसतो. अनुभवी माणसांकडूनही ही चूक होते.

तुमच्या पत्रातील 'अचूकता ९८ टक्के' हा शब्दप्रयोगही तपासून घ्या. भावासारख्या आकड्याच्या अंदाजाला टक्क्यांतली अचूकता सहसा लावत नाहीत. तुम्ही पाहिलेला आकडा बहुधा आर-स्क्वेअर, म्हणजे भावातील चढउतारांचा किती भाग मॉडेलने टिपला याचे माप असावे. दुसऱ्या वेळी तुम्ही चूक रुपयांत मोजली, हे फार चांगले केले, कारण क्विंटलमागे १६० रुपये म्हणजे काय हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला कळते.

पहिल्या मॉडेलमध्ये आणखी एक दोष असण्याची शक्यता आहे. वर्गात डेटाचे शिकवणीचा भाग आणि परीक्षेचा भाग असे दोन भाग पाडताना ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कशाही निवडायला शिकवतात. फुलांच्या पाकळ्यांची मापे असतील तर ते योग्य आहे; पण रोजच्या भावात तसे केले, तर १० आणि १२ तारखेचे भाव शिकवणीत जातात आणि ११ तारखेचा भाव परीक्षेत येतो, म्हणजे मॉडेलला उत्तराच्या दोन्ही बाजू आधीच दाखवल्यासारखे होते. काळाशी बांधलेल्या आकड्यांत जुनी वर्षे शिकवणीसाठी आणि नंतरची वर्षे परीक्षेसाठी ठेवावीत.

आता मूळ आकड्यांकडे वळू, कारण माझ्या मते तुमचे खरे काम तेथे आहे आणि त्यात तुम्ही वर्गातील इतरांपेक्षा कितीतरी पुढे आहात. लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. त्या तुमच्या तक्त्यात एकत्र मिसळल्या आहेत का? लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच स्तंभात आले आहेत का? किमान दर कधी कधी एखाद्या ट्रॉलीतील गोल्टीचा, म्हणजे अगदी बारीक कांद्याचा, किंवा भिजलेल्या मालाचा असतो, हे मॉडेलला ठाऊक नसते, पण तुम्हाला असते. लिलाव बंद असलेल्या दिवसांच्या रिकाम्या जागा तुम्ही कशा भरल्या, हेही पाहा. तेथे शून्य किंवा सरासरी घालणे घातक आहे, कारण बाजार केवळ सणामुळे बंद राहत नाही. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील लिलाव निषेध म्हणून बंद ठेवण्यात आले होते. म्हणजे ती रिकामी जागाच बाजाराविषयी काही सांगत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ रोजी उठली आणि शुल्क पूर्णपणे हटले ते १ एप्रिल २०२५ रोजी. आवक आणि जुने भाव यांखेरीज काहीही न पाहणारे मॉडेल अशा वळणांवर कोलमडणारच.

आकडा कसा जन्मतो याची ही विचारपूस संख्याशास्त्रात जुनी आहे आणि महाराष्ट्राचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहणीवर काम करताना दाखवून दिले, की कापणी करून मोजण्यासाठी शेतातील नमुन्याचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादनाचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त येतो. सीमेवरची रोपे आत धरली जाण्याकडे कल असतो आणि तुकडा जितका लहान, तितका सीमेचा वाटा मोठा. असा दोष केवळ गणिताने सापडत नाही, त्यासाठी बांधावर जावे लागते.

'उद्याचा भाव आजच्याइतकाच' या साध्या अंदाजापुढे तुमचे मॉडेल हरले, याचे वाईट वाटून घेऊ नका. उद्याच्या भावाबाबत तो अंदाज हरवणे कठीणच असते आणि तुम्ही तुलना केली म्हणूनच तुम्हाला ते समजले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उद्याच्या भावाचा प्रश्न तुमच्या घरी कोणी विचारतच नसेल. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो, साठवणुकीच्या कांदाचाळीत भरला जातो आणि पुढे काही महिने थोडाथोडा विकला जातो. घरातला प्रश्न असतो तो आता विकावा की आणखी सहा-आठ आठवडे थांबावे, हा. म्हणून अंदाजाचा पल्ला तेवढा ठेवा आणि एकच आकडा देण्याऐवजी भाव कोणत्या दोन मर्यादांमध्ये राहू शकेल ते सांगा. त्यातून वजनातील घट, सड आणि कोंब यांनी होणारे नुकसान वजा करायला विसरू नका, कारण भाव वाढूनही घटीमुळे हाती कमी पैसे येऊ शकतात. घरच्या चाळीत किती माल भरला आणि किती निघाला याच्या वह्या असतील, तर तो डेटा वर्गातील दुसऱ्या कोणाजवळही नव्हता.

पायथनमध्ये मागे पडल्याची भीती काही महिन्यांच्या नियमित सरावाने जाईल. गणितापैकी आधी संभाव्यता आणि रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याची पद्धत, पक्के करा. अर्थशास्त्रात तुम्हाला त्यांची गरज पडेलच.

प्रकल्प अर्जात जरूर लिहा, पण ९८ हा आकडा लिहू नका. पहिल्या मॉडेलमध्ये कोणती माहिती चुकून शिरली, ती कशी लक्षात आली, ती काढल्यावर चूक किती रुपये झाली आणि साध्या अंदाजाची किती होती, हे चार वाक्यांत मांडा. मुलाखतीत कोणी त्यावर प्रश्न विचारला, तर लिलावाआधीच्या त्या प्रश्नापासूनच बोलायला सुरुवात करा.