अमेरिकेत हक्क वाचून दाखवल्यावर आरोपी गप्प बसला, तर ते खटल्यात त्याच्यावर उलटवता येतं का?

थोडक्यात, नाही. पोलिसांनी मिरांडा वॉर्निंग (गप्प बसायचा आणि वकील घ्यायचा हक्क आहे, अशी सूचना) दिली, आरोपी गप्प राहिला आणि पुढे खटल्यात साक्षीला उभं राहून त्याने आपली बाजू मांडली, तर सरकारी वकील ज्युरीसमोर 'हे तेव्हाच का नाही सांगितलंस' असं विचारून त्याला खोटं पाडू शकत नाही. डॉयल विरुद्ध ओहायो, सुप्रीम कोर्ट, १९७६, निकाल सहा विरुद्ध तीन.

केस भारी आहे. दोघांवर दहा पौंड गांजा विकल्याचा आरोप, घेणारा पोलिसांचा खबऱ्या. कोर्टात हे दोघं म्हणाले की उलटंच आहे, माल तोच आम्हाला विकत होता, आम्ही कमी घेतो म्हटल्यावर चिडला आणि १,३२० डॉलर गाडीत फेकून गेला. आता गंमत बघा, पोलीस पाळतीवर होते पण माल हातोहात जाताना कुणालाच दिसला नव्हता, म्हणजे सगळा खेळ ज्युरी कुणावर विश्वास ठेवते यावर, मग सरकारी वकिलाने उलटतपासणीत नेमकं तेच धरलं की खरंच अडकवलं होतं तर अटक झाली तेव्हा बोलला का नाहीत.

कोर्टाचं म्हणणं, गप्प बसायचा हक्क आहे असं तुम्हीच सांगायचं आणि माणूस गप्प बसला की तीच त्याची चूक धरायची, हे ड्यू प्रोसेसमध्ये, म्हणजे घटनेने हमी दिलेल्या न्याय्य प्रक्रियेत, बसत नाही. शिवाय तो नुसता हक्क वापरत असेल, त्या गप्प बसण्यावरून काय ठरवणार? मला हे पटतं.

पण खरी मेख वॉर्निंग कधी दिली यात आहे. अटकेआधीचं मौन वापरता येतं (जेन्किन्स विरुद्ध अँडरसन, १९८०), आणि अटक झाली पण वॉर्निंग अजून दिलेलीच नाही अशा वेळचंही राज्यं वापरू देऊ शकतात (फ्लेचर विरुद्ध वियर, १९८२), जे मला जरा विचित्रच वाटतं कारण मग वॉर्निंग उशिरा देणाऱ्या पोलिसाचाच फायदा. आणि वॉर्निंगनंतर आरोपी बोलला, पण कोर्टात वेगळंच सांगितलं, तर त्या विसंगतीवर प्रश्न विचारता येतात. 'मी पोलिसांना तेव्हाच सगळं सांगितलं होतं' अशी थाप मारली तरी संरक्षण गेलं, मग तो गप्प होता हे दाखवता येतं.

इंग्लंडमधल्या मालिका बघून गोंधळू नका, तिथे १९९४ च्या कायद्यापासून नियम वेगळा आहे.